डाव्या हाताची खूण

माझ्या मुलानं बॅट डाव्या हातात घेतली आणि मी ताडकन उभी राहिले.

"आक्का, बसा, बसा," शेजारचे खांबेटे सर हवेतल्या हवेत हात दाबत म्हणाले. "सामना चालू असताना उठत नाहीत. खेळणाऱ्याचं लक्ष जातं."

"सर, त्याला..." एवढं बोलून मी जीभ चावली. सर संघाबरोबर आलेले प्रोफेसर, पण त्यांना काही ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

पलीकडच्या टोकाला धन्यकुमार उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, नाही म्हणून मान जराशी हलवली, बॅट परत उजव्या हातात घेतली आणि चेंडू वर उडवला. मागच्या रांगेत कॉलेजची पोरं खिदळली.

"कुणाची आई रे?"

"त्या मिरजकराची. पोराला घरी न्यायला आलीय."

मी मागं वळून बघितलं तशी गप्प झाली. माझ्या बघण्याला तेवढा धाक अजून होता. मी खाली बसले.

हे सोलापूरच्या क्लबातलं. फेब्रुवारीचं ऊन, तांबड्या मातीचं कोर्ट, मधे जाळं, कडेला मांडव. आमच्या युनिव्हर्सिटीच्या टेनिस संघाला तोवर एकदाही ढाल मिळाली नव्हती. त्या वर्षी पोरं अंतिम सामन्यापर्यंत पोचली. पाच खेळ, त्यातले तीन जिंकायचे. आदल्या दिवशी धन्यकुमार जिंकला, जोडीचा खेळ आपल्या दुसऱ्या दोन पोरांनी जिंकला. कप्तान इंगवले मात्र आदल्या दिवशीही हरला आणि त्या दिवशी सकाळीही हरला. दोन-दोन झाले. उरला एकच खेळ, माझ्या मुलाचा.

आणि माझ्या मुलाच्या काळजाची झडप खराब होती.

मिरजेत आमची पिठाची गिरणी. मालक गेले तेव्हा धन्यकुमार रांगत होता. दोन दीर, जावा, सासू, सगळं घर मी एका शब्दावर चालवलं. सगळी मला आक्का म्हणत म्हणून तोही मला आक्काच म्हणे. शाळा मी चौथीपर्यंत शिकले, पण मला फसवून गेलेलं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे. गिरणीच्या मागच्या भिंतीपलीकडं रेल्वेच्या साहेबांचं टेनिसचं कोर्ट होतं. त्यांचे चेंडू आमच्या अंगणात पडायचे. मी द्यायची नाही. "साहेबाला पाहिजे तर साहेबानं यावं," म्हणायची. एक साहेब खरंच आला, हात जोडून उभा राहिला. त्याच्या मागं धन्या भिंतीपलीकडं गेला तो तिकडचाच झाला. त्याचा खेळ मी वर्षानुवर्षं ऐकला, ठॉक ठॉक ठॉक. बघितला कधी नाही. गिरणी सोडून बघायला जाणार कोण?

दिवाळीनंतर त्याला जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" आला होता. "त्या तापानं झडप खाल्लीय. खेळ बंद. आणि थुंकीत तांबडं दिसलं तर जिथं असाल तिथून निघा, उद्यावर टाकू नका."

घरी आल्यावर धन्या माझ्या पायाशी बसला. "आक्का, एवढी एक ढाल. मग बॅट तुझ्या हातानं चुलीत घाल."

मी हो म्हटलं. त्या पोरानं आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. आणि रेल्वेच्या साहेबांच्या इतक्या पोरांत युनिव्हर्सिटीनं घेतलं होतं ते माझ्याच पोराला. पण माझी अट होती. मी समोर बसणार. छातीत भरून आलं, दम कोंडला, की त्यानं बॅट डाव्या हातात घ्यायची. मी उठणार आणि त्याला घेऊन जाणार. "खोटं केलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील," म्हटलं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

खूण चांगली होती. उजव्या हाताचा माणूस डाव्या हातात बॅट कशाला घेईल?

आता बघते तर काय, प्रत्येक चेंडू संपला की घेत होता. चेंडू मेला की बॅट डावीकडं, उजवा तळवा चड्डीला पुसायचा, चार पावलं चालायचं, मग बॅट उजवीकडं. पुन्हा चेंडू, पुन्हा डावीकडं. पलीकडचा उंच पोरगाही तसंच करत होता. सगळेच करत असावेत. मी प्रत्येक वेळी अर्धी उठत होते आणि पुन्हा बसत होते. माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं, आणि सर म्हणत होते, "आक्का, तुम्हाला खुर्ची टोचते का?"

बाजू बदलायची वेळ आली तेव्हा दोघं जाळ्यापाशी आले. तिथं खुर्चीवर कप्तान इंगवले बसला होता. कोल्हापूरचा, घरचा मोठा, मिशीला नुकतं वळण दिलेला. खेळणाऱ्याशी बोलायचा हक्क फक्त त्याला. मी त्याच्या मागंच, दोरीच्या अलीकडं.

"धन्या," मी म्हटलं, "डाव्या हाताचं काय?"

धन्या टॉवेलात तोंड पुसत होता. त्यानं टॉवेल खाली घेतला आणि स्वतःच्या डाव्या हाताकडं असं बघितलं की जणू तो परक्याचा आहे. बॅट तिथंच होती.

"आक्का... ती सवय आहे. माझ्या ध्यानातच नाही आलं. ते धरू नको."

"मग काय धरू?"

"काय डाव्या हाताचं?" इंगवलेनं विचारलं. "दुखतोय का?"

"आमचं घरचं आहे," मी म्हटलं. "तू तुझ्या मिशा सांभाळ."

"बाई, खेळाच्या वेळी बाहेरच्यानं बोलायचं नसतं."

"मी बाहेरची? नऊ महिने आत कुणी ठेवला होता त्याला, तुझ्या युनिव्हर्सिटीनं?"

धन्या हसला. त्या दिवशीचं ते त्याचं शेवटचं हसू. मी दोरीवरून वाकले आणि हळू म्हटलं, "बाजू बदलताना दर वेळी माझ्याकडं बघायचं. डोळ्याला डोळा. नाही बघितलंस तर मी आत येणार."

"बघीन," तो म्हणाला.

पहिला डाव त्यानं घेतला. दर वेळी बाजू बदलताना माझ्याकडं बघत होता, मी पापणी हलवत होते, तो जात होता. माझा श्वास मोकळा झाला. सरांनी मला खेळ समजावला. पंधरा, तीस, चाळीस. मी विचारलं, "पंचेचाळीस का नाही?" सर म्हणाले, "तशी रीत आहे." मी म्हटलं, "गिरणीत असा हिशेब केला असता तर गिऱ्हाइकानं दगडी जातं माझ्या डोक्यात घातलं असतं." सर खूप हसले. मांडवातल्या दोन बायकाही हसल्या. मला वाटलं, होईल, पार पडेल, संध्याकाळच्या आत जेवून गाडीत बसू.

दुसरा डाव पलीकडच्या पोरानं घेतला.

त्या पोराला मी नीट बघितलं ते तेव्हा. उंच, शांत, गळ्यात काळा दोरा. तो जिंकायची घाई करत नव्हता. चेंडू नुसता परत पाठवत होता. डावीकडं एक, उजवीकडं एक. माझा पोरगा पळत होता, डावीकडं, उजवीकडं. चिडून कुणी मारलं तर माणूस ओरडू शकतो, पण नुसतं परत पाठवतोय त्याला काय म्हणणार? चाळणीत पीठ हलवावं तसा तो धन्याला हलवत होता.

तिसरा डाव सुरू झाला आणि मी खेळ बघायचा सोडला. मी फक्त गळा बघत होते. धन्याच्या गळ्याची शीर, कानाच्या खाली, करंगळीएवढी फुगली होती आणि उडत होती. चेंडू थांबला तरी ती थांबत नव्हती. तो दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून उभा राहायचा, पाठ वरखाली व्हायची, पंच वरच्या उंच खुर्चीवरून काहीतरी म्हणायचा, तो सरळ व्हायचा. णमोकार मंत्र म्हणत होते मी, पण मधेच तुटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

"सहा-सहा झाले ना?" मी सरांना विचारलं. "मग संपलं की."

"नाही आक्का. दोनाचा फरक लागतो."

"आणि नाही पडला तर?"

"तर खेळत राहायचं."

"कुठवर?"

"पडेपर्यंत."

"म्हणजे शेवट नाही?"

"शेवट आहे हो. पण तो कधी येईल हे सांगता येत नाही. त्यातच तर मजा आहे." सर पुढं सरकून बसले होते, डोळे चकाकत होते. मांडवातली सगळीच माणसं तशी बसली होती. मजा येत होती त्यांना. एकदा कुणी जोरात टाळी वाजवली आणि मला वाटलं पडला.

पडला नव्हता. आठ-सात झाले होते, आपले आठ. पोरं उभी राहून नाचत होती. हा एक गेम मिळाला की ढाल.

धन्या बाजू बदलायला आला. खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल घेतला, तोंडावर दाबला आणि त्यात खोकला. कोरडा नव्हे. आतून, भरलेला. दोनदा.

"पाणी घे," इंगवले म्हणाला. "धन्या, ऐक. त्याच्या उलट्या हातावर मार. एक गेम, फक्त एक. आपल्या युनिव्हर्सिटीला आजपर्यंत..."

"हं," धन्या म्हणाला.

टॉवेल टाकला आणि गेला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

मी दोरी धरून उभी राहिले. विसरला का? एवढ्या गडबडीत विसरणारच. का मुद्दाम बघत नाही? बघितलं तर मला कळेल म्हणून? दोन्ही खरं वाटत होतं. माझं मी मला सांगत होते, तारा, हे पोर जिंकायच्या तोंडाशी आलंय, आता आत गेलीस आणि काही नसलं तर जन्मभर तोंड दाखवणार नाही तुला. आणि दुसरीकडून डॉक्टर म्हणत होते, खेळ बंद.

तो गेम त्याला मिळाला नाही. आठ-आठ. मांडवात "अरेरे" झालं. मला वाटलं आता पलीकडचाच पुढं जाईल आणि सुटका होईल. देवाला मी तेच मागत होते, हे आज लिहायला मला लाज नाही. हरू दे, पण संपव. पण नाही. पुढच्या गेममधे त्या शांत पोराचे दोन चेंडू जाळ्यात गेले, एक बाहेर गेला, आणि आपले नऊ झाले. नऊ-आठ. आणि पुढचा गेम धन्याच्या हातचा, चेंडू सुरू करणार तो. सगळे म्हणत होते, आता ढाल आपलीच.

तो पुन्हा खुर्चीपाशी आला. आता मी त्याला हाताच्या अंतरावरून बघत होते. ओठ जांभळाच्या रंगाचे. डोळे उघडे, पण ते कशालाच बघत नव्हते. टॉवेलात पुन्हा खोकला. इंगवले त्याच्या मांडीवर थाप मारत होता, "शाबास, वाघा, शाबास."

"धन्या," मी म्हटलं.

मान वर झाली नाही.

"धन्यकुमार!"

"बाई, प्लीज!" इंगवले वळून ओरडला. "एक गेम राहिलाय! तुम्ही काय चालवलंय सकाळपासून?"

"टॉवेल दे इकडं."

"काय?"

"टॉवेल."

वरून पंचानं पुकारा केला. धन्या उठला, टॉवेल खुर्चीवर पडला आणि तो पाय ओढत पलीकडच्या टोकाला निघाला. मी दोरीच्या खालून हात घालून टॉवेल ओढून घेतला. इंगवलेनं दुसरं टोक धरलं होतं, पण माझ्या हाताची पकड गिरणीची आहे.

पांढरा टॉवेल. त्याच्यावर तांबडे डाग. पण ते सगळीकडंच होते. तिथली मातीच तांबडी. पोरांचे मोजे तांबडे, चेंडू तांबडे, चड्डीवर हाताचे तांबडे पंजे. दिवसभर धन्यानं त्याच टॉवेलाला हात पुसले होते. माती की रक्त, नुसत्या डोळ्याला कसं कळावं? वर ऊन असं की सगळंच तांबडं दिसत होतं.

पिठाची जात डोळ्यानं कळत नाही. चिमटीत घ्यावं लागतं. बारीक, मध्यम, जाड, अंगठा आणि बोट सांगतं. जन्मभर मी तेच करत आले. मी टॉवेलाच्या कडेचा डाग चिमटीत धरला आणि चोळला. रव्यासारखी करकर लागली. माती. दुसरा डाग. करकर. माती. मग मधला, जिथं त्यानं तोंड दाबलं होतं तो. अजून ओला होता, फिकट, फेसासारखा. चोळला.

करकर नाही. बोट गुळगुळीत सरकलं.

मी टॉवेल सरांच्या मांडीवर टाकला आणि दोरीखालून आत गेले.

पायात चपला होत्या. कुणीतरी ओरडलं, "चपला! कोर्ट खराब होईल!" पंच वरून म्हणाला, "बाई, बाहेर व्हा! बाहेर!" मागनं शिट्ट्या, हसणं. मी जाळ्याच्या कडेनं वळून सरळ चालत गेले. पळाले नाही, कारण पळाले असते तर पाय अडकून पडले असते. ते कोर्ट केवढं लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं. धन्या पांढऱ्या रेघेवर उभा होता. एका हातात चेंडू, दुसऱ्या हातातली बॅट जमिनीला टेकवून तिच्यावर म्हाताऱ्यासारखा रेललेला. तो मला येताना बघत होता. मी जवळ पोचले तेव्हा सगळा मांडव गप्प झाला होता, इतका की पलीकडच्या पोराचा श्वास मला ऐकू येत होता.

मी तळवा त्याच्या छातीवर ठेवला. गिरणीचा पट्टा चाकावरून घसरायला लागला की सगळं घर थरथरतं, ताल जातो, दोन ठोके घाईत आणि मग एक नाहीच. तसं आत चाललं होतं. सदरा गारेगार. बॅट त्याच्या हातातून सुटली. त्याचं कपाळ माझ्या खांद्यावर आलं, तोंड माझ्या कानाशी आलं.

मग मी वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "बास झाला खेळ. मी माझ्या पोराला घेऊन चालले."

इंगवले पळत आला. त्याच्या मागं सर.

"बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? एक गेम! पाच मिनिटं नाहीत!"

"पाच असू दे की अर्धं."

"ढाल आहे ती! पहिली ढाल!"

"तुला एवढी पाहिजे होती तर काल जिंकायचीस. आज जिंकायचीस. दोन्ही वेळा कुणी धरलं होतं तुला?"

त्याचा चेहरा पडला. पोरगा वाईट नव्हता. पण त्या वेळी मला दयामाया नव्हती.

"तुम्ही नका सांगू," तो म्हणाला. आवाज रडवेला झाला होता. "त्याला विचारा. खेळणारा तो आहे. धन्या, तू बोल. तुला खेळायचं आहे ना? तू एकदा बोल, यांना मी बाहेर काढतो."

पंच वर थांबला होता. मांडव थांबला होता. सरांच्या हातात तो टॉवेल होता आणि ते त्याच्याकडं बघत होते, त्यांना अजून उलगडलं नव्हतं. सगळे माझ्या मुलाकडं बघत होते.

धन्यानं मान खाली घातली. माझ्या पदराचं टोक त्याच्या मुठीत होतं, मागच्या बाजूनं, कुणाला दिसत नव्हतं. 

"त्याला काय विचारतोस?" मी म्हटलं. "त्याच्या घरात विचारायची पद्धत नाही. आमच्याकडं मी म्हणते ते होतं. त्याला खेळायचं आहे, मी खेळू देत नाही. झालं समाधान?"

"अडाणी बाई," मांडवातून कुणीतरी म्हणालं.

"होय," मी म्हटलं. "चौथी पास. बाजूला व्हा."

तो पलीकडचा उंच पोरगा जाळ्यावरून उडी टाकून आला. त्यानं खाली पडलेली बॅट उचलली, पुसली आणि माझ्या हातात दिली. मग धन्याची दुसरी बगल धरली आणि फाटकापर्यंत आमच्याबरोबर चालत आला.  त्याचं नाव मी विचारायला हवं होतं.

क्लबाच्या एका माणसाची गाडी होती, तिच्यात बसवलं. दवाखान्यात नाकाला नळी, दंडात सुई, रात्रभर उशा लावून बसवलेला. वाचला. पुढं मुंबईला नेऊन झडप मोकळी करून आणली, त्याचं लग्न झालं, मुलं झाली. टेनिसची बॅट मात्र त्यानं पुन्हा धरली नाही आणि मीही ती चुलीत घातली नाही.

पण नाव झालं ते माझं. कोल्हापूर, सांगली, मिरज, जिथं जाईन तिथं. "हीच का ती, ढाल घालवली ती?" जावांच्या माहेरापर्यंत गेलं. मोठे दीर एकदा जेवताना म्हणाले, "आक्का, पाच मिनिटं थांबला असता तर..." मी ताटात वाढणं थांबवलं, त्यांनी वाक्य थांबवलं. आजाराचं पुढं सगळ्यांना कळलं, तरी म्हणायचे, एक गेमनं काय मेला असता का, बाईचा हट्ट. गेल्या वर्षी युनिव्हर्सिटीनं टेनिस संघाचा इतिहास छापला, जाड कागदावर, फोटो घालून. त्यातही त्या वर्षापुढं तेच आहे: नऊ-आठ असताना खेळाडूच्या मातोश्रींनी सामना थांबवला. धन्यानं ते मला वाचून दाखवलं. चष्मा काढून पुस्तकावर ठेवला. मग म्हणाला, "आक्का, आता लिही. गाडीतलंसुद्धा लिही. मी सांगतोय."

म्हणून लिहिते.

गाडीत सर पुढं बसून ड्रायव्हरला घाई करत होते. मागं धन्या माझ्या अंगावर रेलून बसला होता, आडवं होता येत नव्हतं. खिडकीतून वारा लागला तसा जरा सावध झाला.

"आक्का."

"बोलू नको."

"आक्का, तिथं कोर्टावर... मी तुला म्हणालो ना, मला ने इथून म्हणून. भीती वाटते म्हणून."

मी त्याच्या कपाळावरचा घाम पुसत राहिले.

"ते इंगवलेला सांगू नको. कुणालाच नको."

"तू कधी काय म्हणालास?" मी म्हटलं. "मला काही ऐकू नाही आलं. लोक केवढ्यानं ओरडत होते."